गाडीत जादा लाइन ओढताय? आधी फ्यूज विचारा, मग भाव

डॅशकॅम घ्यायचा तर तुम्ही चार ॲपवर आणि दोन दुकानांत भाव काढता. तो गाडीच्या करंटला कसा जोडायचा, हे मात्र फिटिंग करणाऱ्या पोरावर सोडून देता. तिथे वाचलेले दोनशे रुपये पुढे बॅटरी, वायरिंग नाहीतर वॉरंटी यांतून दामदुपटीने वसूल होतात.

नियम साधा आहे. जादा वस्तू आली की जादा लाइन, आणि त्या लाइनला स्वतःचा फ्यूज. फ्यूज वस्तू वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. वायर कुठे घासून उघडी पडली आणि बॉडीला टेकली, तर गाडीची बॅटरी तिच्यातून शेकडो अँपिअर ढकलू शकते. फ्यूज असेल तर तो वितळतो. नसेल तर वायर वितळते, तीही डॅशबोर्डच्या मागे किंवा कार्पेटच्या खाली, जिथे तुमचा हात पोचत नाही.

आधी रकमा

खालचे आकडे मोठ्या शहरांतले आणि ढोबळ आहेत. तालुक्याच्या गावी मजुरी कमी पडते, पण चांगला माल मिळेलच असे नाही. वस्तूची किंमत यात धरलेली नाही, फक्त जोडणीचा खर्च आहे.

डॅशकॅम: हार्डवायर किट ९०० ते २,५०० रुपये, दोन फ्यूज टॅप प्रत्येकी १०० ते २५०, मजुरी ५०० ते १,५००, वेळ दीड-दोन तास. फॉग लॅम्प: रिले आणि फ्यूजसकट वायरिंग किट ५०० ते १,२००, मजुरी ५०० ते १,५००, वेळ दोन-तीन तास, बंपर उतरवावा लागला तर दोन्ही वाढतात. हॉर्नची जोडी: रिले किट ३०० ते ७००, मजुरी ३०० ते ६००, तासाभराचे काम. मोबाइलचा फास्ट चार्जर किंवा जादा सॉकेट: एक टॅप, दोन मीटर वायर, मजुरी धरून ५०० ते ९००. ॲम्प्लिफायर आणि वूफर: जाड वायरचे किट १,२०० ते ४,०००, मजुरी १,००० ते २,५००, अर्धा दिवस.

सुटे भाव माहीत असले की बिल वाचता येते. पात्याचा साधा फ्यूज ५ ते २० रुपये. चार पिनचा रिले १०० ते २५०. वायरमध्ये बसणारा फ्यूज होल्डर ५० ते १५०. दीड स्क्वेअर एमएमची ऑटो वायर मीटरला २० ते ३५. वायरवर चढवायचा खाचांचा प्लॅस्टिक पाइप मीटरला १५ ते ३०. म्हणजे सुरक्षित जोडणी आणि जुगाड यांच्यात मालाचा फरक बहुतेक वेळा तीन-चारशे रुपयांचा असतो. बाकी सगळा फरक वेळेचा आहे, आणि दुकानदार वाचवतो तो वेळच.

करंट घ्यायच्या तीन रीती

पहिली रीत फ्यूज टॅपची. बिनकामाची कापाकापी नाही, मूळ वायरला ब्लेड लागत नाही, उद्या काढला तर गाडी जशीच्या तशी. कमी करंटच्या वस्तूंना हाच घ्या: डॅशकॅम, चार्जर, रिव्हर्स कॅमेरा, आतले शोभेचे दिवे. साधारण मिनी आकाराचा टॅप नव्या वस्तूसाठी १० अँपिअरपर्यंत चालतो, त्याहून बारीक मायक्रो टॅपची मर्यादा कमी असते. पाकिटावर छापलेला आकडा बघा.

टॅप हातात घेऊन नीट पाहा. खाली दोन पाय, वर दोन खाचा, बाजूने बाहेर आलेली एक वायर. पायांजवळची खाच गाडीच्या मूळ फ्यूजसाठी, दुसरी तुमच्या वस्तूच्या फ्यूजसाठी. पाय फ्यूज बॉक्समध्ये दोन्ही बाजूंनी जातात आणि घोटाळा इथेच होतो. दोन पायांपैकी एक दोन्ही फ्यूजना जोडलेला असतो. तो बॅटरीकडून करंट येतो त्या बाजूला यायला हवा. टॅप उलटा बसला तरी वस्तू चालते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण मग गाडीचा आणि तुमचा, दोन्ही भार मूळ फ्यूजवरून जातात. एरवी चालून जाते. मागचा वायपर आणि चार्जर एकाच वेळी चालू झाले की फ्यूज उडतो आणि दोन्ही बंद पडतात.

तपासायला अर्धे मिनिट लागते. इग्निशन ऑन करा, टॅपमधला मूळ फ्यूज काढून ठेवा, नवा राहू द्या. तुमची वस्तू चालू राहिली तर टॅप बरोबर बसलाय. बंद पडली तर उलटा आहे, फिरवून बसवायला सांगा. हे फिटिंगवाल्यासमोरच करा.

दुसरी रीत रिलेची. फॉग लॅम्प, हॉर्न, हवा भरायचा कायमचा कॉम्प्रेसर अशा जड वस्तूंना हीच. बॅटरीच्या प्लसवरून जाड वायर निघते, आधी फ्यूज लागतो, मग रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनला येते, ८७ वरून वस्तूकडे जाते. ८५ आणि ८६ या पिनांवर बारीक वायर: एक स्विचकडून, एक अर्थला. स्विचमधून जातो तो फक्त रिले ओढण्यापुरता, अर्ध्या अँपिअरच्याही आतला करंट. रिले न लावता सगळा भार डॅशबोर्डवरच्या चाळीस रुपयांच्या स्विचमधून नेला, तर स्विच आधी गरम होतो, मग त्याचे प्लॅस्टिक मऊ पडते. फ्यूजची जागा पक्की ठरलेली आहे: बॅटरीपासून एक-दीड फुटाच्या आत. वस्तूजवळ लावलेला फ्यूज मधल्या वायरचे रक्षण करत नाही. किटमध्ये फ्यूज दिलेला असतो, पण वायर पुरेना म्हणून तो भलतीकडे सरकवलेला असू शकतो. बॉनेट उघडून बघाच.

तिसरी रीत वेगळ्या फ्यूज बॉक्सची. तीन किंवा जास्त वस्तू लावायच्या असतील तर हाच मार्ग स्वस्त पडतो, तरी दुकानदार तो क्वचित सुचवतो. सहा जागांचा बॉक्स ५०० ते १,००० रुपये. बॅटरीवरून एकच जाड वायर, तिला ३० किंवा ४० अँपिअरचा मुख्य फ्यूज, आणि बॉक्सच्या आधी इग्निशनवर चालणारा रिले म्हणजे चावी काढली की सगळे बंद. माल आणि मजुरी मिळून २,५०० ते ३,५०० धरा. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक वस्तूला नुसती एक वायर आणि एक फ्यूज.

चौथी रीतही आहे, तिला बाजारात ‘डायरेक्ट’ म्हणतात. पोरगा डॅशबोर्डखाली वाकतो, टेस्टरने ज्या वायरीत करंट सापडेल ती ब्लेडने सोलतो, नवी वायर तिच्याभोवती गुंडाळतो आणि वरून काळी टेप मारतो. दहा मिनिटांत काम होते. उन्हात उभ्या गाडीत टेपचा गोंद सुटतो, जोड सैल होतो, आणि मूळ लाइनवर किती भार आलाय ते कुणी मोजलेलेच नसते. हे काम फुकट करून देत असतील तरी घेऊ नका.

फ्यूज किती अँपिअरचा?

वस्तूवर वॉट लिहिलेले असतात. वॉटला १२ ने भागा, अँपिअर मिळतात. त्यावर पाव भाग चढवा आणि त्याच्या वरचा जो फ्यूज बाजारात मिळतो तो घ्या. ५५ वॉटच्या दोन हॅलोजन फॉग लॅम्पचे ११० वॉट म्हणजे ९.२ अँपिअर, पाव भाग चढवून साडेअकरा, म्हणून फ्यूज १५ चा. डॅशकॅम एका अँपिअरच्याही खाली असतो. २ किंवा ३ चा पुरे. ३६ वॉटच्या चार्जरला ५ चा. हॉर्नच्या जोडीला बहुधा १५ चा, पण खोक्यावरचा आकडा बघून ठरवा. ॲम्प्लिफायरला त्याच्या पुस्तिकेत लिहिलेलाच.

फ्यूज ठरला की वायर त्याच्यापेक्षा दणकट हवी. ५ अँपिअरच्या फ्यूजला अर्धा स्क्वेअर एमएम, १० ला एक, १५ ला दीड, २० ला अडीच, ३० ला चार, ४० ला सहा. हे आकडे जरा हात राखून दिलेले आहेत. अंतर लांब असेल, उदाहरणार्थ बॅटरीपासून डिकीपर्यंत, तर एक पायरी जाड घ्या.

वायर गाडीचीच मागा. घरातल्या वायरिंगची वायर इंजिनच्या उष्णतेला आणि डिझेल-ऑइलच्या शिंतोड्यांना टिकण्यासाठी बनवलेली नसते. ॲम्प्लिफायरच्या स्वस्त किटमध्ये दुसरी फसवणूक असते: बाहेरून तांबे, आत ॲल्युमिनियम. वायरचे टोक कापून तारेवर सुरी फिरवा, पांढरी चमक दिसली की समजा. ती वायर तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा कमी करंट वाहते.

पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत, पाठ करून ठेवा: ५ फिकट तपकिरी, साडेसात गडद तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा किंवा पारदर्शक, ३० हिरवा. गाडीत डॅशकॅमच्या लाइनला हिरवा फ्यूज दिसला तर तो नसल्यातच जमा आहे. आणि फ्यूज वारंवार उडत असेल तर वरचा आकडा घालू नका, चांदीचा कागद गुंडाळणे तर दूरच राहिले. तो कुठेतरी शॉर्ट आहे असे सांगतोय. विनानावाच्या फ्यूजची पुडी स्वस्त मिळते, पण छापलेल्या आकड्यावर ते वितळतीलच याची खात्री नसते. नामांकित कंपनीचे दहा फ्यूज घेतले तरी शंभर-दीडशेत होतात.

कुठल्या जागेतून घ्यायचा, कुठल्यातून नाही

गाडीच्या मॅन्युअलमध्ये फ्यूजचा तक्ता असतो. त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून सोबत न्या. बऱ्याच दुकानांत तो नसतो आणि मग टेस्टरने चाचपणे सुरू होते. पॉवर सॉकेट, स्टिरिओ, मागचा वायपर या जागा चालतात. एअरबॅग, एबीएस, इंजिनचा कंप्युटर, फ्यूल पंप, पॉवर स्टिअरिंग यांच्या फ्यूजला हात लावू देऊ नका. पिवळ्या कपलरची वायर बहुतेक गाड्यांत एअरबॅगची असते, तिच्या आसपास टाय बांधलेलाही नको.

इंजिनजवळच्या फ्यूज बॉक्समध्ये टॅप लावला तर झाकण बसत नाही, ही नेहमीची तक्रार आहे. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळा काढायचा असेल तर ते झाकण अर्धे उघडे ठेवून चालणार नाही, पाणी आत गेले की सगळ्याच फ्यूजच्या पिना गंजतात. केबिनमधला बॉक्स वापरा, नाहीतर बुटका टॅप शोधा.

चावीवर चालणारी जागा आणि कायम करंट असलेली जागा, हा फरक डॅशकॅमला महत्त्वाचा. पार्किंगमध्येही रेकॉर्डिंग हवे असेल तर हार्डवायर किटला तीन वायरी असतात: एक कायम करंटला, एक चावीच्या करंटला, एक अर्थला. किटवर बॅटरी किती व्होल्टवर आली की बंद व्हायचे हे ठरवता येते. १२.२ किंवा निदान १२ व्होल्टवर ठेवा. ११.६ ला ठेवलेला कॅमेरा रात्रभर रेकॉर्डिंग करेल, पण सकाळी गाडी सुरू होईल का, हा प्रश्न. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. पार्किंगमध्ये ०.३ अँपिअर खाणारा कॅमेरा दहा तासांत ३ अँपिअर-तास संपवतो. रोज गाडी काढत असाल तर चालेल. शनिवार-रविवारीच काढत असाल तर पार्किंग मोड बंद ठेवा, नव्या बॅटरीला चार-पाच हजार मोजण्यापेक्षा बरे.

पॉवर सॉकेट बहुतेक गाड्यांत १२० वॉटपर्यंतचे, म्हणजे १० अँपिअरचे असते. त्यावर टायरमध्ये हवा भरायचा पंप आणि तीन-तोंडी अडॅप्टर एकदम चालवू नका.

अर्थसाठी रंग खरवडलेला बॉडीचा बोल्ट, त्यावर दाबून बसवलेले गोल थिंबल. ज्या गाड्या सिग्नलला आपोआप बंद होतात त्यांच्या बॅटरीच्या मायनसवर बहुधा सेन्सर असतो. तिथे तुमची वायर थेट मायनसच्या टोकाला लावली तर सेन्सरला तुमचा भार दिसत नाही आणि बॅटरीचा हिशेब चुकतो. अर्थ बॉडीवरच घ्या. इलेक्ट्रिक गाडीतही १२ व्होल्टची लाइन असते आणि हीच रीत लागू होते, फक्त नारिंगी रंगाच्या केबलपासून लांब. तो उच्च दाबाचा भाग आहे, ऑटो इलेक्ट्रिशियनचा नाही.

काम कुणाकडून?

चार ठिकाणे आहेत. कंपनीचे सर्व्हिस सेंटर महाग, कधी दुप्पटही. पण वस्तू कंपनीची आणि फिटिंग त्यांचे, तर वॉरंटीचा वाद संपतो. नवी गाडी, तीन वर्षे उरलेली वॉरंटी आणि फॉग लॅम्पसारखी वस्तू असेल तर इथेच जा. बंपर आणि स्विचची जागा तयार असते, बहुतेक मॉडेलांना कपलर जोडला की झाले, वायर कापावी लागत नाही.

ॲक्सेसरीजची मोठी दुकाने मधली. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसचा भाग आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड इथे माल भरपूर आणि घासाघीस चालते. पण तिथे वस्तू विकण्यात नफा असतो, फिटिंग हा उरकायचा भाग. फिटिंग करणारा पोरगा दुकानाचा नोकर आहे की बाहेरून बोलावलेला, हे विचारा. बाहेरचा असेल तर उद्याची तक्रार कुणाकडे, हेही विचारा.

तिसरा, जुना ऑटो इलेक्ट्रिशियन. रिले आणि अर्थ यांतले त्याला जितके कळते तितके शोरूममधल्या सल्लागाराला कळत नाही. माल तुम्ही आणा, मजुरी ठरवा, शेजारी उभे राहा. माझे मत विचाराल तर पाच वर्षांहून जुन्या गाडीला हाच उत्तम. नव्या गाडीला, जिच्यात खिडकीची काच आणि मागचा दिवाही कंप्युटरला विचारून चालतो, तिला मात्र त्या मॉडेलवर काम केलेला माणूसच शोधा. अशा गाडीत रिव्हर्स कॅमेऱ्यासाठी मागच्या दिव्याची वायर सोलली तर डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची खूण लागते.

चौथे, घरी येऊन फिटिंग करणारे. डॅशकॅम आणि चार्जरपुरते ठीक. बॉनेट उघडायचे काम त्यांना देऊ नका.

जाताना न्यायचे: आरसीची प्रत, वॉरंटी पुस्तिका, वस्तूचे बिल, फ्यूज तक्त्याचा फोटो. वेळ आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळची. रविवारी संध्याकाळी गर्दीत गेलात तर तुमचे काम ‘डायरेक्ट’ होण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

बिलात दडलेले

‘फिटिंग फ्री’ ही पाटी वाचून खूश होऊ नका. फुकट असते ते वस्तू लावणे. रिले वेगळा, होल्डर वेगळा, जादा वायर वेगळी, बंपर उतरवला तर त्याचे वेगळे. काम सुरू व्हायच्या आधी एक वाक्य बोला: ‘फ्यूज, रिले, वायर, पाइप, थिंबल आणि मजुरी धरून सगळे मिळून किती?’ उत्तर कागदावर लिहून घ्या. मोबाइलवर मेसेज आला तरी पुरे.

पुढचे, ट्रिमच्या क्लिपा. डॅशकॅमची वायर लपवायला खांबावरचे प्लॅस्टिक काढतात, त्यात क्लिपा तुटतात. नव्या १० ते ५० रुपयांना एक. काही जण न सांगता तशीच बसवतात, मग महिन्याभराने खडखड सुरू. त्या खांबात पडदा-एअरबॅग असेल तर वायर तिच्या मागून गेली पाहिजे, पुढून नाही. एअरबॅग फुटताना वायर आडवी यायला नको.

बॅटरीची वायर सोडली तर घड्याळ, खिडक्यांची आपोआप वर जाण्याची सोय आणि काही जुन्या गाड्यांत स्टिरिओचा कोड पुन्हा घालावा लागतो. कोड तुमच्याकडे आहे का, आधी बघा. डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागला तर स्कॅनरवर लावायचे ५०० ते १,००० मागतात. फिटिंगमुळे लागला असेल तर ते पैसे तुम्ही देऊ नका, आणि हे आधीच बोलून ठेवा.

आता जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सगळ्या सुट्या भागांवर १८ टक्के, मजुरीवरही १८. जुन्या सवयीने कुणी भागांवर २८ टक्के लावत असेल तर बिल परत करा. दुकानदार कंपोझिशन योजनेत असेल तर त्याला जीएसटी वेगळा लावताच येत नाही. त्याच्या बिलावर ‘बिल ऑफ सप्लाय’ असे छापलेले असते. ‘बिल नको असेल तर अठरा टक्के कमी’ हे ऐकायला गोड लागते. तीन हजारांच्या कामात पाचशे वाचतात आणि वॉरंटी, विमा, ग्राहक तक्रार या तिन्ही ठिकाणी दाखवायला हातात काही उरत नाही.

नवी गाडी घेताना डीलर ‘बेसिक किट’ अनिवार्य म्हणून सांगतो. अनिवार्य काही नसते. नको असेल तर लेखी नको म्हणा. एका वस्तूसाठी दुसरी घ्यायला लावणे ही ग्राहक संरक्षण कायद्यात बसणारी प्रतिबंधक व्यापारी प्रथा आहे.

गाडी ताब्यात घेताना

पैसे द्यायच्या आधी एवढे करा. नवा फ्यूज काढा: तुमची वस्तू बंद झाली पाहिजे आणि दुसरे काहीही बंद होता कामा नये. फ्यूज परत लावा, वस्तू पंधरा मिनिटे चालवा, मग होल्डर आणि रिलेपाशी बोट लावा. कोमट ठीक, चटका बसला तर जोड सैल आहे. इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यातून वायर जिथे आत येते तिथे रबरी ग्रोमेट आहे का बघा. पत्र्याच्या कडेवर टेकलेली नुसती वायर सहा महिन्यांत सोलली जाते. सायलेन्सरच्या पाइपजवळून किंवा स्टिअरिंगच्या दांड्याला लागून वायर गेलेली नको. हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, सगळे एकदा चालवून बघा.

मल्टिमीटर असेल तर वस्तूपाशी व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी दिसले तर वायर बारीक आहे किंवा अर्थ कच्चा. गाडी बंद करून, लॉक करून अर्ध्या तासाने बॅटरीतून किती करंट जातोय ते क्लॅम्प मीटरने बघायला सांगा. ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. पार्किंग मोडवाला कॅमेरा असेल तर तो आधी बंद करून मोजा.

शेवटी फोटो काढा: कुठल्या जागेत टॅप, किती अँपिअरचा, रिले कुठे, अर्थ कुठल्या बोल्टला. फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. पुढच्या इलेक्ट्रिशियनचा तास वाचतो, म्हणजे तुमचे पाचशे.

वॉरंटी, विमा आणि आरटीओ

डॅशकॅम लावला म्हणून गाडीची सगळी वॉरंटी जात नाही. पण बाहेरच्या वायरिंगमुळे झालेले नुकसान कंपन्या वॉरंटीतून वगळतात, आणि कापलेली मूळ वायर दिसली की सर्व्हिस सेंटरला हवे ते कारण मिळते. टॅप वापरल्याचा खरा फायदा इथे आहे.

विम्यात कंपनीने गाडीसोबत न दिलेल्या इलेक्ट्रिक वस्तू वेगळ्या नोंदवाव्या लागतात, त्याला आयएमटी २४ म्हणतात. हप्ता वस्तूच्या किमतीच्या साधारण ४ टक्के. वीस हजारांच्या म्युझिक सिस्टीमला वर्षाला ८०० आणि त्यावर जीएसटी. नोंद नसेल तर चोरी किंवा अपघातात त्या वस्तूचे पैसे मिळत नाहीत. चार हजारांच्या कॅमेऱ्यासाठी हा खटाटोप करायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मोठ्या ॲम्प्लिफायरसाठी करा. साध्या पॉलिसीत इलेक्ट्रिकल बिघाड बसत नाही. आग बसते, पण सर्व्हेअर वायरिंग बघतोच आणि तिथे बिल व फोटो उपयोगी पडतात.

आरटीओत डॅशकॅम, चार्जर, कॅमेरा यांसाठी जायची गरज नाही. मात्र वेगवेगळ्या सुरांत वाजणारे हॉर्न, लाल-निळे लुकलुकणारे दिवे हे बेकायदा, दुकानात राजरोस मिळत असले तरी. परवानगी नसलेला फेरबदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे मालकाला प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. हा दंड मालक म्हणून तुम्हाला होतो.

काम बिघडले तर

आधी दुकानात लेखी द्या, फोटो जोडा, सात दिवसांची मुदत द्या. हलले नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणे इथेच मिटतात. पुढे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लागतोच असे नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची. सोबत लागते: बिल, ठरलेल्या रकमेचा मेसेज, कामाचे फोटो आणि दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने किंवा सर्व्हिस सेंटरने दोष काय ते लिहून दिलेला कागद. हा शेवटचा कागद दुरुस्ती करून घ्यायच्या आधी मिळवा. वायर बदलून झाल्यावर जुनी कुठे जळाली होती हे कुणी लिहून देत नाही. जळालेला तुकडाही पिशवीत घालून ठेवा.